भाव का लिहीत नाहीत?

'६०-६०, ९२-८८, ४८ पन्ना, रेडी.' भिवंडीतल्या कापडाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी चहाच्या सुमारास अशा ओळी पडायला लागतात. बाहेरच्याला हे कुलपाचे आकडे वाटतील. आकड्यांच्या पहिल्या जोडीत उभ्या आणि आडव्या सुताचा काउंट असतो. दुसऱ्या जोडीत इंचामागे उभे तार किती आणि आडवे किती, म्हणजे रीड आणि पिक. पन्ना म्हणजे कापडाची रुंदी, इंचात. 'रेडी' म्हणजे माल लूमवरून उतरून घडी होऊन पडलेला आहे, टेम्पो पाठवा. सोबत फोटो असतो: एकावर एक रचलेले ताके आणि वरच्या ताक्याचा उलगडलेला कोपरा. कधी धागे मोजायच्या छोट्या भिंगावर मोबाइल टेकवून काढलेला दुसरा फोटोही, म्हणजे ज्याला शंका असेल त्याने तार मोजून घ्यावेत.

एवढं सगळं लिहितात आणि भाव तेवढा लिहीत नाहीत.

सोशल मीडियावर धंदा कसा करावा हे शिकवणारे लोक हल्ली तालुक्याच्या गावीही व्याख्यानं देतात. ग्राहकाशी संवाद साधा, त्याला विचारतं करा, असं त्यात सांगितलं जातं. भाव न लिहिणं ही त्यांना अशीच एक युक्ती वाटेल: गिऱ्हाइकाने खाली 'प्राइस?' असं लिहावं आणि त्या निमित्ताने बोलणं सुरू व्हावं. इन्स्टाग्रामवर कुर्त्या विकणाऱ्या पुष्कळांची ती युक्ती असते खरी. भिवंडीतलं कारण वेगळं आहे. इथे माल पाहून निम्मा भाव ठरतो. उरलेला निम्मा माणूस पाहून ठरतो, आणि समोर कोण आहे हे कळेपर्यंत लिहायला भावच नसतो.

कापडबाजारात धारा नावाची गोष्ट असते. माल उचलल्यापासून पैसे किती दिवसांनी द्यायचे, ती मुदत म्हणजे धारा. रोखीचा भाव एक, तीस दिवसांचा दुसरा, नव्वद दिवसांचा तिसरा. रोख देणाऱ्याला वटाव मिळतो, लांबवणाऱ्याच्या भावात व्याज आधीच मिसळलेलं असतं. त्यातही नव्वद म्हणून नव्वदाव्या दिवशी देणारा वेगळा आणि नव्वद म्हणून दीडशेवर नेणारा वेगळा. म्हणून 'क्या भाव?' या प्रश्नाला पहिलं उत्तर 'आप कहां से?' असं येतं, आणि दुसरं 'किसके थ्रू?'. मग गावाची, पावसाची, कुणाच्या तरी ऑपरेशनची चौकशी होते. वरवर पाहता वेळ घालवणं चाललेलं असतं. प्रत्यक्षात तेवढ्या वेळात दुसऱ्या फोनवरून तिसऱ्याला विचारून होतं की हा माणूस पैसे देतो कसा.

हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपच्या आधीपासून चालत आलं आहे. मुंबईत १८७४ साली उभ्या राहिलेल्या मुळजी जेठा मार्केटच्या गल्ल्यांमध्ये गादीवर बसून हेच बोलणं होई आणि ते वाहून नेणारा माणूस म्हणजे दलाल. भिवंडीचा दलाल सकाळी नमुन्याचे तुकडे पिशवीत घालून मुंबईला जाई, संध्याकाळी सौद्याच्या चिठ्ठ्या घेऊन परते. पिशवीपेक्षा त्याच्या डोक्यात जास्त माल असे. कोणाचा मुलगा दुकानात लक्ष घालत नाही, कोणाचे भाऊ वेगळे झाले, कोणाचा माल रंगाईवरून परत आला, हे सगळं त्याला ठाऊक असे. त्याची दलाली खऱ्या अर्थाने या माहितीची असे.

या गावाला अशा मध्यस्थाची गरज का लागली, हे वस्ती पाहिली की कळतं. १८५७ च्या उठावानंतर अवध, आझमगढ, मऊ, बनारस या पट्ट्यातून मोमीन विणकर दक्षिणेकडे सरकत आले. त्यांतले बरेच मालेगावात थांबले, काही भिवंडीत. इथे कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती होती, भोवतालच्या गावांत आगरी आणि कोळी होते. तेलंगणातून पद्मशाली आले, त्यांचं पद्मानगर आणि कामतघर झालं. सुताचे व्यापारी मारवाडी आणि गुजराती. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले जुने लूम इथे येऊन पुन्हा खडखडू लागले होतेच; १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाख कामगारांचं काम थांबलं, तेव्हा बाजाराने कापड भिवंडीकडून आणखी उचललं. पुढे गावात सहा-सात लाख लूम आहेत असं सर्रास बोललं जाई. हल्ली त्यांतले कितीतरी भंगारात किलोवर विकले गेलेत.

तर सूत मारवाडी शेठचं, लूम मोमीन हाजीसाबचे किंवा पद्मशाली अण्णांचे, शेडची जागा आगरी दादाची, आणि कारागीर पूर्वांचलातला किंवा बिहारमधला. बोलायची भाषा सगळ्यांची एक, बंबईया हिंदी. लिहायची मात्र प्रत्येकाची निराळी. कुणी उर्दू लिहितो, कुणी तेलुगू, कुणी मराठी, कुणी गुजराती. आणि लूमवर उभ्या असलेल्या कित्येकांचं लिहिण्याशी फारसं नातं नाही.

म्हणून भिवंडीच्या धंद्यात व्हॉट्सअ‍ॅप खरं रुजलं ते ऑगस्ट २०१३ मध्ये व्हॉइस मेसेज आल्यावर, असं माझं मत आहे. बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. लिपीचा प्रश्नच मिटला. लिहिलेल्या 'ओके' मध्ये न कळणारी गोष्ट आवाजात कळते: 'हां हां, भेज देंगे' म्हणताना माणूस खरोखर पाठवणार आहे की टाळतोय. शिवाय मागे लूमचा खडखडाट ऐकू येतो. तो ऐकू येत असेल तर कारखाना चालू आहे. भिवंडीत याहून चांगला जामीन कुठला?

जिओची सेवा सप्टेंबर २०१६ मध्ये आली आणि डेटाचा खर्च मोजण्यासारखा राहिला नाही. मग दोनच महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला, नोटाबंदी. आठवड्याची मजुरी रोखीत देणाऱ्या या गावाचे हातपाय गळाले, लूम बंद पडले. पुढच्या जुलैत जीएसटी. ज्या धंद्यात निम्मे व्यवहार शब्दावर चालत, तिथे बिल, क्रमांक आणि ई-वे बिल आलं. कागदांचे फोटो पाठवण्याचा परिपाठ तेव्हा जो पडला तो कायमचा. व्हॉट्सअ‍ॅपने छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळं अ‍ॅप जानेवारी २०१८ मध्ये काढलं आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्यात कॅटलॉग आला. कॅटलॉगमध्ये किमतीचा रकाना आहे. भिवंडीत तो बहुधा रिकामा राहतो; कारण वर आलंच आहे.

याच अ‍ॅपमधली एक तांत्रिक बाब मला फार अर्थपूर्ण वाटते. ब्रॉडकास्ट यादीतून २५६ जणांना एका दमात संदेश पाठवता येतो, पण तो पोचतो फक्त त्यांनाच, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जपून ठेवला आहे. बाकीच्यांपर्यंत जातच नाही, आणि गेला नाही हे तुम्हाला कोणी सांगतही नाही. विकत घेतलेल्या नंबरांच्या याद्यांवर धंदा उभारू पाहणाऱ्यांचा इथे पचका होतो. दलालाच्या फोनमधली नावं पाहण्यासारखी असतात. नुसतं नाव क्वचित. हाक, ठिकाण आणि माल मिळून एक नाव होतं, 'अण्णा पद्मानगर कॅम्ब्रिक', 'हाजीसाब गैबीनगर रोटो', 'दादूस शेडवाले' अशा धर्तीचं. समोरच्यानेही त्याला असंच कुठल्यातरी नावाने ठेवलेलं असतं. दोन्हीकडे जपलेला नंबर ही या बाजारातली पहिली पायरी आहे.

त्याच्याही पुढे, मोठ्या कंपन्यांसाठी असलेल्या व्हॉट्सअ‍ॅपच्या सेवेत एक नियम आहे. गिऱ्हाइकाने शेवटचा संदेश केल्यापासून चोवीस तास कंपनीला त्याच्याशी मोकळेपणाने बोलता येतं. त्यानंतर आपण होऊन बोलायचं तर आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातलाच मजकूर पाठवावा लागतो. ज्या बाजारात एका सौद्याचं बोलणं नव्वद दिवस चालतं, त्याला हे चोवीस तास कसे पुरायचे?

आता जरा गावाबाहेर जाऊ. अंजूरफाटा ओलांडून काल्हेर, काशेळी, पूर्णा, दापोडे, मानकोली, आणि नाशिक रस्त्याने पडघ्यापर्यंत, जिथे भाताची खाचरं होती तिथे आता पत्र्याची गोदामं आहेत. मुंबईची वेस जवळ आणि मुंबईची जकात नाही, या दोन गोष्टींवर ती वाढली. पुढे मुंबईतलीही जकात गेली तरी गोदामं राहिली, उलट वाढली. जून २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने भारतात दुकान उघडलं तेव्हा त्यांचं देशातलं पहिलं वितरण केंद्र भिवंडीतच होतं. म्हणजे व्हॉइस मेसेज आणि अ‍ॅमेझॉन, दोघेही भिवंडीत एकाच वर्षी आले. तिथल्या फळ्यांवरून रोज जे जातं ते घेणाऱ्याला पाठवणारा ठाऊक नसतो आणि पाठवणाऱ्याला घेणारा. बोलायची वेळ आलीच तर ती तक्रारीची, आणि बोलतं ते यंत्र: एक दाबा, दोन दाबा. हा धंदा वाईट आहे असं मुळीच म्हणायचं नाही. तिथे भाव लिहिलेला असतो, पैसे आधी मिळतात, माल आवडला नाही तर परत जातो. विश्वासाचं काम यंत्रणेने उचललं आहे, म्हणून माणसांनी बोलायची गरज उरलेली नाही. काही किलोमीटरच्या आत दोन्ही बाजार नांदतात आणि मोठ्या गोदामाच्या जागेचं भाडं खाणारा आगरी दादूस मुलीच्या हळदीचे कपडे घ्यायला ओळखीच्या दुकानदाराला व्हिडिओ कॉल लावतो.

१९९९ साली चार अमेरिकनांनी इंटरनेटवर 'क्लूट्रेन मॅनिफेस्टो' नावाचा ९५ कलमांचा जाहीरनामा लावला होता. बाजार मुळात बोलण्याचा असतो, कंपन्या ते विसरल्यात आणि इंटरनेट त्यांना आठवण करून देईल, असं त्याचं सार. जगभरच्या विपणनवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. भिवंडीत तो कुणी वाचला असण्याचा संभव कमी; वाचला असता तर यात नवं काय, असंच विचारलं असतं. त्या जाहीरनाम्यात नसलेली आणि भिवंडीत असलेली गोष्ट म्हणजे उधारी. बोलणं टिकतं कारण मध्ये पैसे अडकलेले असतात. देणेकरी आणि घेणेकरी दोघांनाही एकमेकांना धरून राहावं लागतं. सणाच्या शुभेच्छा, नातवाचा फोटो, 'तबियत कैसी है' यांत आपुलकी खोटी असते असं नाही. पण त्यामागे बाकीचा आकडा असतो, हे दोघेही जाणतात आणि कुणी बोलून दाखवत नाही.

या नात्याची कसोटी लागते तक्रारीच्या वेळी. ग्रे कापडातला, म्हणजे लूमवरून उतरलेल्या, अजून रंगाई न झालेल्या कापडातला दोष पुष्कळदा ग्रेमध्ये दिसत नाही. प्रोसेस हाउसमध्ये रंग चढला की तुटलेला तार, जाड आलेली पट्टी, तेलाचा डाग वर येतो. तोवर माल विणून महिना झालेला असतो. मग रात्री फोटो येतो, लाल पेनने गोल केलेला. त्या फोटोला काय उत्तर जातं यावर पुढची पाच वर्षं ठरतात. जाणता माणूस ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाही. तो फोन करतो, 'ताका बाजूला ठेवा, मी बघून जातो' म्हणतो, आणि खरोखर बघायला जातो. तिथे दोष कोणाचा, सुताचा, लूमचा की रंगाईचा, हे ठरतं. मीटरमागे काही पैसे तोडून मिटतं. ग्रुपवर उत्तर-प्रत्युत्तर करणारा वाद कधी जिंकतोही, गिऱ्हाईक मात्र जातं, आणि ते वाचणाऱ्यांतले आणखी चार मुकाट जातात. सगळ्यांसमोर उत्तर द्यावं, म्हणजे पारदर्शकता दिसते, असा जो सल्ला सोशल मीडियावर सर्रास दिला जातो, तो विमान कंपनीला लागू असेल. जिथे गिऱ्हाइकाचे स्पर्धकही त्याच ग्रुपात बसलेत, तिथे त्याची अब्रू झाकणं हीच सेवा.

सार्वजनिक उत्तराचं यश आपल्याकडे सर्वांत ठळक दिसलं ते सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, २०१४ ते २०१७. प्रवाशाने ट्विट करावं आणि पुढच्या स्टेशनावर तान्ह्या बाळासाठी दूध हजर व्हावं, अशा बातम्या तेव्हा रोज येत. त्याच रेल्वेवरचं भिवंडी रोड हे वसई-दिवा मार्गावरचं स्टेशन मात्र प्रवाशाच्या हिशेबात तेव्हाही आडबाजूचं होतं आणि आजही तिथे गाडीची वाट बघणं हा मोठाच कार्यक्रम असतो. संवादाने दूध मिळतं; गाड्या वाढत नाहीत.

बोलण्याने काय होऊ शकतं याचा या गावातला सर्वांत मोठा पुरावा कापडाच्या धंद्याबाहेरचा आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भिवंडीचं नाव देशभर काळं झालं. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या: त्या भागातला पोलीस शिपाई, दोन्ही धर्मांची माणसं, ठरावीक काळाने एकत्र बसणं, आणि नळ-गटारापासून कशावरही बोलणं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे त्यावर 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?' हे पुस्तक लिहिलं. ओळख काही संकटाच्या रात्री करून घेता येत नाही, ती आधी झालेली असावी लागते, हे तेव्हा दिसलं. लूममालकांना ते वेगळ्या वाटेने मे २०२० मध्ये पुन्हा दिसलं. कारागीर पायी आणि ट्रकमधून निघाले होते, भिवंडी रोडहून श्रमिक गाडी गोरखपूरला सुटली होती. करोनाच्या टाळेबंदीत ज्यांनी फोन करून राशनपाण्याची चौकशी केली होती, त्यांनी गावी फोन केल्यावर तो उचलला गेला. बाकीच्यांचे नंबर कारागिरांकडे होते, पण उचलावेत असे नव्हते.

आता लेखीपणाबद्दल थोडं. गादीवरचं बोलणं हवेत विरून जाई, फोनवरचं राहतं. कारभार थोडा बदलला तो इथे. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेली नोटीस बजावली गेली असं धरलं, कारण ती पोचली, एवढंच नाही तर उघडलीही, हे खुणांवरून दिसत होतं. निळ्या खुणा बंद करून ठेवण्याकडे कित्येक व्यापाऱ्यांचा कल का असतो हे सांगायला नको. १४ जुलै २०२० ला जालन्याच्या निवडणूक वादात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची तर ठरलेलं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे नुसता स्क्रीनशॉट दाखवून भागत नाही. त्यातच 'सर्वांसाठी हटवा' आणि आपोआप नाहीसे होणारे संदेश ही सोय. सौद्याच्या ऐन मध्यावर 'हा संदेश हटवला गेला' अशी पाटी दिसली की जुना दलाल पुढचा टेम्पो थांबवतो.

आणि १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकर कायद्याचं ४३ब(एच) कलम आलं. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे, लेखी करार नसेल तर पंधरा आणि असेल तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत दिले नाहीत, तर ते देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. सरकारचा हेतू लूमवाल्याच्या भल्याचा. पण नव्वद दिवसांच्या धाऱ्यावर उभ्या असलेल्या बाजारात त्याने गोंधळ उडाला, कापड व्यापाऱ्यांच्या संघटनांनी देशभर ओरड केली, आणि सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी नसलेल्याकडून माल घ्यावा असा उलटा विचारही सुरू झाला. ज्याच्या संरक्षणाचा कायदा, त्यालाच ते संरक्षण जाहीर करणं जड जाऊ लागलं. आता 'किसके थ्रू?' च्या जोडीला 'रजिस्ट्रेशन है क्या?' हा प्रश्नही येतो, आणि हो म्हणावं की नाही, हे विचारणाऱ्याचा सूर ऐकून ठरवतात.

मधल्या काळात दलालाची गरज संपेल असं पुष्कळांनी सांगून पाहिलं. मालकाचा मुलगा थेट रील टाकतो, सुरतच्या किंवा जयपूरच्या खरेदीदाराशी परस्पर बोलतो. खरंच बोलतो. पहिला सौदा होतोही, बहुधा रोखीत. दुसऱ्या वेळी समोरचा साठ दिवस मागतो, आणि मुलगा संध्याकाळी वडिलांच्या दलालालाच विचारतो, 'चाचा, ये पार्टी कैसी है?' दलालीचा टक्का घटला आहे, पण हा प्रश्न फुकट विचारून चालत नाही, एवढं त्यालाही कळतं.

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा हा या ग्रुपांवरचा खरा हंगाम. व्यापाऱ्यांच्या जुन्या चोपड्या मिटायच्या असतात, त्यामुळे फोटो कमी होतात आणि फोन वाढतात. कधी न बोलणारे आपण होऊन तब्येत विचारतात. 'शेठ, जरा देख लो' या चार शब्दांचे व्हॉइस मेसेज सकाळपासून फिरतात आणि शेठ नेमके त्या दिवसांत गावी गेलेले असतात. मग तीन-चार दिवस बाजार बंद. लाभपंचमीला गाद्या उघडतात, मुहूर्ताचा एखादा सौदा होतो, तोटा आला तरी नाही म्हणत नाहीत. ग्रुपवर 'साल मुबारक' येतं, कमळ आणि पणतीचं चित्र असलेलं. त्याच्या खाली, त्याच नंबरावरून, मागच्या जूनच्या बिलाचा फोटो.